दोर तुटणारच, असे धरून चालणारा माणूस

उंच इमारतीचे बांधकाम सुरू असलेल्या साइटवर सकाळी थोडा वेळ उभे राहिले की एक दृश्य हमखास दिसते. इमारतीच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी सांगाडा उभा असतो आणि त्यावरून एक जाळीचा पिंजरा खालीवर करत असतो. सिमेंटच्या गोण्या, टाइल्सचे खोके, रंगाचे डबे आणि माणसे, सगळे त्यातूनच वर जाते. डबा हातात धरलेले कामगार दाटीवाटीने आत शिरतात, दार ओढले जाते आणि पिंजरा वर निघतो. हा पिंजरा शेवटचा कधी तपासला होता, असे कोणी विचारत नाही. विचारायचे कोणाला, हेही बहुतेकांना माहीत नसते.

10 सप्टेंबर 2023 रोजी ठाण्यात एका चाळीस मजली इमारतीच्या बांधकामावरची अशीच लिफ्ट कोसळली आणि सात कामगारांचा जीव गेला. दिवसाचे काम आटोपून ते खाली येत होते. अशी बातमी आली की आपण हळहळतो, चौकशी सुरू होते आणि थोड्या दिवसांनी विषय मागे पडतो. पण वर चढवलेली वस्तू खाली का पडते आणि पडताना तिला कोण थांबवते, हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका पलंगाच्या कारखान्यातल्या कारागिराने मनावर घेतला होता. त्याचे नाव एलिशा ग्रेव्हज ओटिस. आज जगभरच्या लिफ्टवर त्याचे आडनाव दिसते, म्हणून लिफ्टचा शोध त्यानेच लावला असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. दोर आणि कप्पीने माल वर ओढणे माणसाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ माहीत होते. ओटिसने शोधले ते वेगळेच होते. दोर तुटल्यावर पिंजरा जागच्या जागी कसा अडकवायचा, हे त्याने शोधले.

ओटिसचा जन्म 3 ऑगस्ट 1811 रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, हॅलिफॅक्स नावाच्या गावाजवळ झाला. घर शेतकऱ्याचे, सहा भावंडांत तो धाकटा. शेतीत त्याचे मन रमले नाही. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून तो न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरात गेला आणि तिथे बांधकामांवर काम करू लागला. तिथेच त्याला न्यूमोनियाने गाठले. त्या काळी न्यूमोनियावर औषध नव्हते. शरीर तगले तर तगले. तो मरता मरता वाचला, पण प्रकृती कायमची नाजूक झाली. कष्टाचे काम झेपेना, म्हणून तो बायको आणि मुलाला घेऊन व्हरमाँटच्या डोंगरात परतला.

पुढची बरीच वर्षे म्हणजे एकापाठोपाठ एक अपयशांची यादी आहे. त्याने ओढ्याकाठी पिठाची पाणचक्की उभारली, ती चालली नाही. त्याच पाण्यावर लाकूड कापण्याची गिरणी लावली, गिऱ्हाईक मिळाले नाही. मग घोडागाड्या बनवायला घेतल्या आणि त्यात थोडा जम बसला, तोच पत्नी वारली. पदरात दोन लहान मुलगे होते, चार्ल्स आणि नॉर्टन. त्यांना घेऊन तो ऑल्बनी शहरात आला आणि पलंग बनवणाऱ्या कारखान्यात कारागीर म्हणून लागला. पलंगाच्या दांड्या लेथवर हाताने घडवायला फार वेळ जाई. ओटिसने एक यंत्र बनवले आणि तेच काम चौपट वेगाने होऊ लागले. मालकाने खूश होऊन बक्षीस दिले. त्या पैशांवर त्याने पाण्यावर चालणारा स्वतःचा कारखाना काढला, तर शहराने पाणीपुरवठ्यासाठी त्याच ओढ्याचे पाणी वळवून घेतले. कारखाना बंद पडला. रेल्वेच्या डब्यांसाठी आपोआप लागणारा ब्रेक त्याने याच काळात तयार केला होता. हातात गती असलेली वस्तू थांबवायची कशी, हा विचार त्याच्या डोक्यात तेव्हापासूनच असावा.

चाळिशीच्या उंबरठ्यावर तो न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला असलेल्या याँकर्स गावी पोहोचला. तिथल्या एका बंद पडलेल्या गिरणीचे पलंगाच्या कारखान्यात रूपांतर करायचे होते आणि कामाची देखरेख त्याच्याकडे होती. जड यंत्रे आणि सामान वरच्या मजल्यावर न्यायचे होते. अशा कामासाठी तेव्हाही मालाची लिफ्ट असे. चार खांबांमध्ये एक लाकडी फळी आणि तिला वर ओढणारा तागाचा जाड दोर. सगळी भिस्त त्या एका दोरावर. दोर झिजे, ओलाव्याने कुजे, कप्पीवर घासून त्याचे धागे सुटत आणि एक दिवस तो तुटे. मग फळीवर असलेला माल खाली येई, आणि मालाबरोबर वर निघालेला हमालही. म्हणून जाणते कामगार अशा फळीवर पाय ठेवायला कचरत.

ही भीती रास्त होती, हे साधे गणित सांगते. तीन मजल्यांची उंची सुमारे नऊ मीटर धरली तर तिथून सुटलेली फळी जमिनीवर आदळायला एक सेकंद आणि थोडा वेळ लागतो. त्या क्षणी तिचा वेग ताशी 48 किलोमीटरच्या आसपास असतो. चाळीस मजल्यांवरून, म्हणजे साधारण 120 मीटरवरून सुटलेला पिंजरा कुठेही अडला नाही तर पाच सेकंदांत जमिनीवर येतो. एवढ्या वेळात आतल्या माणसाला काय घडते आहे हे कळते न कळते. कोणी ओरडेल, कोणी धावत जाऊन ब्रेकचा दांडा ओढेल, या भरवशाला काही अर्थ नाही. ओटिसच्या लक्षात ही गोष्ट आली. थांबवण्याचे काम माणसावर सोपवून चालणार नव्हते. दोर तुटणे हीच यंत्राला मिळालेली आज्ञा असायला हवी होती.

त्याने उपाय शोधला तो आपल्या जुन्या धंद्यातला. ट्रकच्या चाकांवर एकावर एक ठेवलेले पोलादी पाटे आपण पाहतो. घोडागाड्यांनाही तसेच पाटे असत. ओटिसने असा एक पाटा फळीच्या वरच्या चौकटीवर बसवला आणि दोर थेट चौकटीला न बांधता पाट्याच्या मध्यभागी बांधला. फळीचे वजन दोरावर असेपर्यंत पाटा ताणामुळे वाकलेला राही आणि त्याची टोके आत ओढलेली असत. दोन्ही बाजूंच्या खांबांवर त्याने करवतीसारख्या दातेरी पट्ट्या ठोकल्या. दोर तुटला की ताण नाहीसा होई, पाटा सरळ होई, टोके बाहेर फेकली जात आणि खांबांच्या दातांत अडकत. फळी चार बोटे खाली येऊन थांबे. ना वीज, ना कोणाची सूचना, ना क्षणभराचा विचार.

गंमत म्हणजे स्वतः ओटिसला यात फार मोठे काही केले असे वाटले नाही. त्याने त्याचे पेटंटही तेव्हा घेतले नाही. पलंगाचा धंदा मंदावला, तेव्हा पश्चिमेला कॅलिफोर्नियात सोने शोधायला जावे असा त्याचा विचार चालला होता. तेवढ्यात 1853 साली न्यूयॉर्कमधल्या एका फर्निचर व्यापाऱ्याने दोन सुरक्षित लिफ्टची मागणी नोंदवली. ओटिसचे कॅलिफोर्निया राहिले आणि कारखान्याच्या एका भागात लिफ्टचे काम सुरू झाले. पण त्यानंतर महिनोन्‌महिने मागणी येईना. लोकांना धोका माहीत होता, पण उपाय खरोखर चालतो यावर विश्वास कसा ठेवायचा? तोंडी खात्री देणारे विक्रेते पुष्कळ होते.

त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये काच आणि लोखंडाच्या भव्य मंडपात औद्योगिक प्रदर्शन भरले होते. मंडपाचे नाव क्रिस्टल पॅलेस. आज तिथे ब्रायंट पार्क ही बाग आहे. 1854 मध्ये ओटिसने तिथे आपली लिफ्ट उभी केली. फळीवर पिंपे आणि खोकी रचली, स्वतः त्यांच्यात उभा राहिला आणि प्रेक्षकांच्या डोक्यांच्या कितीतरी वर जाऊन दोर कापायला लावला. दोर तुटला, गर्दीत गलका झाला, फळी किंचित खाली आली आणि थबकली. हा प्रयोग त्याने पुन्हा पुन्हा करून दाखवला.

या प्रसंगाकडे बहुतेक वेळा जाहिरातीची युक्ती म्हणून पाहिले जाते. ती जाहिरात होतीच. पण तांत्रिक नजरेने पाहिले तर ती जाहीर चाचणी होती. ओटिस प्रेक्षकांना दोर किती मजबूत आहे हे सांगत नव्हता. त्याने दोर मुद्दाम तोडला आणि तुटल्यावर काय होते ते दाखवले. उचलण्याच्या यंत्रांच्या सुरक्षिततेचा सगळा विचार याच ठिकाणी उभा आहे. जो भाग रोज काम करतो, तो बिघडला की आवाज येतो, काम अडते, कोणाच्या तरी लक्षात येते. पण जीव वाचवणारा भाग वर्षानुवर्षे काहीच करत नसतो. तो गंजला, जाम झाला, त्यात सिमेंटचे पाणी जाऊन घट्ट बसले किंवा कोणी त्रास नको म्हणून बांधून ठेवला, तरी लिफ्ट पूर्वीसारखीच चालत राहते. तो जिवंत आहे की मेला, हे मुद्दाम तपासल्याशिवाय कळत नाही. आणि तपासले नाही तर ते फक्त अपघाताच्या दिवशी कळते.

प्रदर्शनानंतर मागण्या येऊ लागल्या. 23 मार्च 1857 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या हॉवट यांच्या पाच मजली दुकानात ओटिसची प्रवासी लिफ्ट सुरू झाली. चिनी मातीची आणि काचेची भांडी विकणारे हे मोठे दुकान होते. तळघरातल्या वाफेच्या यंत्रावर चालणारी ती लिफ्ट मिनिटाला सुमारे बारा मीटर चढे, म्हणजे जिना चढणारा तरुण तिच्या बरोबरीने वर पोहोचला असता. तरी तिच्यात माणसे बसली आणि सुखरूप उतरली, हेच महत्त्वाचे होते. ती इमारत अजूनही उभी आहे. लिफ्टवर विश्वास बसल्यानंतर शहरांची रचनाच बदलली. पूर्वी वरचे मजले स्वस्त असत, कारण तिथे चढून जायचे कोणी? आता उंचीवरची जागा महाग झाली.

ओटिसने हे बदललेले शहर पाहिले नाही. 15 जानेवारी 1861 रोजी त्याला आपल्या लिफ्टचे पेटंट मिळाले आणि तीन महिन्यांच्या आत, 8 एप्रिलला, घटसर्पाने त्याचा मृत्यू झाला. वय अवघे 49. घशात पडदा धरून श्वास कोंडणारा हा रोग तेव्हा लहानमोठ्या सगळ्यांना गाठत असे आणि त्यावर उतारा नव्हता. तो उतारा मिळायला आणखी तीस वर्षे जावी लागली आणि लस त्याच्याही नंतर आली. मागे त्याने छोटासा कारखाना आणि कर्ज ठेवले. धंदा वाढवला तो चार्ल्स आणि नॉर्टन या मुलांनी. 1889 मध्ये पॅरिसचा आयफेल टॉवर उभा राहिला, तेव्हा त्याच्या पायांमधून तिरक्या चढणाऱ्या लिफ्ट त्यांच्याच कंपनीने दिल्या. त्या प्रवाशांसाठी खुल्या होण्याआधीही पिंजऱ्याचे दोर तोडून चाचणी घेण्यात आली. वडिलांनी घालून दिलेली पद्धत कायम होती.

ओटिसच्या पाट्यात उणिवाही होत्या. दोर पूर्ण सैल पडला तरच तो उघडत असे. दोर शाबूत राहून वरच्या यंत्राचे दात तुटले, तर दोरावर थोडाफार ताण राहतो आणि पाटा उघडेलच याची खात्री नसते. शिवाय वेग वाढला तसा दुसरा प्रश्न आला. वेगाने येणारा पिंजरा दातांत अडकून एकदम थांबला तर आतल्या माणसाला तो धक्का जमिनीवर आदळल्यासारखाच बसतो. म्हणून पुढच्या काळात वेगावर नजर ठेवणारे गव्हर्नर आले. पिंजरा ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने खाली येऊ लागला की गव्हर्नर पाचर ओढतो आणि ती रुळाला हळूहळू आवळत पिंजरा थांबवते. आज बांधकामावरच्या दातेरी रुळावर चढणाऱ्या लिफ्टमध्येही असेच वेगावर चालणारे सुरक्षा यंत्र असते. दोरच नसलेल्या या लिफ्टमध्ये ओटिसची कल्पना मात्र शिल्लक आहे. मुख्य व्यवस्था कधीतरी दगा देणार हे आधीच धरून चालायचे आणि दुसरी व्यवस्था आपोआप जागी होईल असे पाहायचे.

आता राहिला तपासणीचा मुद्दा. आपल्याकडे बांधकाम कामगारांसाठी 1996 मध्ये कायदा झाला आणि 1998 च्या केंद्रीय नियमांनी क्रेन, हॉइस्ट, विंच अशा उचलणाऱ्या साधनांच्या चाचणीची घडी घालून दिली. साधन पहिल्यांदा वापरात घेण्याआधी, साइटवर उभारल्यावर, मजबुतीवर परिणाम होईल अशी दुरुस्ती किंवा बदल केल्यावर आणि एरवीही किमान पाच वर्षांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून चाचणी व्हायला हवी. वर्षातून किमान एकदा बारकाईने तपासणी व्हायला हवी. यातला साइटवर उभारल्यावर हा भाग विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. क्रेन किंवा लिफ्ट एका साइटवरून सोडवून दुसऱ्या साइटवर नेली की तिचे जुने प्रमाणपत्र पुरेसे ठरत नाही. यंत्र तेच असले तरी पाया नवा असतो, बोल्ट नव्याने आवळलेले असतात, इमारतीला दिलेले आधार नवे असतात. सुट्या केलेल्या भागांना वाहतुकीत लागलेला मारही याच वेळी दिसतो.

दोराच्या तपासणीलाही माप आहे. आता दोर तागाचा नसतो, पोलादी तारांचा असतो. तो एका झटक्यात तुटत नाही. आधी एकेक तार तुटते, तिची टोके बाहेर येतात, दोर बारीक होतो, गंजतो, कुठे पीळ सुटून फुगतो. हे सगळे डोळ्यांना दिसते, मात्र पाहणारे डोळे हवेत. बंदरातल्या कामगारांच्या सुरक्षिततेसाठी 1932 साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात यासाठी सोपा हिशेब दिला होता. दोराच्या जाडीच्या आठपट लांबीचा तुकडा पाहायचा. त्यात तुटलेल्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांहून जास्त दिसल्या तर तो दोर वापरायचा नाही. दोर दर तीन महिन्यांनी पाहायचा आणि त्यात एक जरी तार तुटलेली आढळली तर त्यानंतर दर महिन्याला.

पण वार्षिक तपासणी म्हणजे वर्षभराची हमी नव्हे. साइटवर धूळ, पाऊस आणि ओव्हरलोड रोजचे असतात. म्हणून पाळी सुरू होण्याआधी लिफ्ट चालवणाऱ्याने पिंजरा रिकामा एकदा वरखाली करून पाहायचा असतो. दार उघडे असताना लिफ्ट हलत नाही ना, सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली ती आपोआप थांबते ना, ब्रेक घसरत नाही ना, नेहमीपेक्षा वेगळा आवाज येत नाही ना. क्रेनवर हूकची खीळ जागेवर आहे का, हूकचे तोंड फाकले नाही ना, स्लिंगला काप गेला नाही ना. दोष दिसला की काम थांबवायचे आणि दुरुस्तीनंतरच सुरू करायचे. वेगावर चालणाऱ्या सुरक्षा यंत्राची चाचणी निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत वेगळी घ्यायची असते. त्यासाठी पिंजऱ्यात ठरलेले वजन ठेवतात, सगळ्यांना बाहेर काढतात, जमिनीवरूनच ब्रेक सोडतात आणि पिंजरा खरोखर पडू देतात. तो थोड्या अंतरात थांबला तर यंत्र ठीक. ओटिस स्वतः फळीवर उभा राहिला होता. आजच्या चाचणीत कोणी आत राहायचे नसते, एवढाच फरक.

ही सगळी कामे स्वस्त आहेत, अवघड नाहीत आणि त्यांची पद्धत लिहून ठेवलेली आहे. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. चाचणीसाठी लिफ्ट अर्धा दिवस बंद ठेवावी लागते आणि स्लॅबची तारीख जवळ आलेली असते. सुरक्षा स्विच वारंवार लिफ्ट थांबवतो म्हणून कोणीतरी तो वायरने बांधून टाकतो. तपासणीचा कागद साधन न पाहताच भरला जातो. आणि ज्याचा जीव त्या पिंजऱ्यात असतो, तो बहुधा परप्रांतातून किंवा दूरच्या जिल्ह्यातून आलेला, रोजंदारीवरचा कामगार असतो. लिफ्टमध्ये चढणार नाही असे म्हणण्याची त्याची ऐपत नसते. ओटिसच्या काळातला हमाल निदान फळीवर पाय ठेवायला नकार देऊ शकत होता, कारण ती तीन मजले जात होती. चाळीस मजले चढून जाण्याचा पर्याय आजच्या कामगारापुढे नाही.

म्हणून हे विचारणे त्याच्यावर सोडता येत नाही. ज्याने यंत्र भाड्याने दिले, ज्याने साइटवर उभे केले, ज्याच्या देखरेखीखाली ते चालते आणि ज्याने तपासून सही केली, या प्रत्येकाचे ते काम आहे. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत आपले घर घेतले असेल आणि कधी पाहायला गेलात, तर टाइल्सचा रंग विचारण्याआधी त्या पिंजऱ्यापाशी क्षणभर थांबा. किती माणसे आणि किती वजन चालेल याची पाटी लावली आहे का, शेवटच्या तपासणीची तारीख दिसते का, ते पाहा आणि दिसत नसेल तर सुपरवायझरला विचारा. विचारणारा कोणी आहे हे कळले की तारखा पाळल्या जाण्याची शक्यता वाढते.